दारामागचा खिळा

आमच्या कराडच्या घरात पिशवी ही विकत आणायची वस्तू नव्हती. ती घरातच व्हायची, आणि पिशवी होण्याआधी ती कुणाच्या तरी अंगावर असायची. वडिलांची पॅन्ट गुडघ्यात विरली की आई ती स्वच्छ धुवायची, घडी करायची आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवून द्यायची. कपाटात ती पुन्हा जात नसे. मग सणवार नसलेल्या एखाद्या दुपारी मशीनचं झाकण निघायचं. न विरलेला भाग आई शिवणीवर उसवायची, खडूने रेघ मारायची, तळाला दोनदा टीप घालायची. बंद कमरेच्या पट्टीचे, कारण ते कापड आधीच दुहेरी आणि आत बकरम भरलेलं. मागचा खिसा ती मुद्दाम तसाच राखायची. त्यात बाजाराची यादी आणि सुट्टे पैसे राहत.

या पिशव्या दारामागच्या एका मोठ्या खिळ्याला टांगलेल्या असत, आणि प्रत्येकीचं काम ठरलेलं होतं. पॅन्टची पिशवी कांदे-बटाट्यांची. उरलेल्या गादीपाटाची जाड पिशवी धान्याची. आजीच्या सुती लुगड्याची मऊ पिशवी पालेभाजीची, कारण तिच्यात मेथी दमत नाही. वायरची निळी-पांढरी पिशवी दुधाच्या बाटल्यांची. घरातलं माणूस चपला घालता घालता दारामागे हात घालायचं, आणि हात कुठल्या पिशवीवर पडला यावरून आईला कळायचं, आज काय येणार आहे. म्हणजे बाजार सुरू व्हायचा तो घराच्या उंबऱ्याशी. काय आणायचं, किती आणायचं, ते कशात मावेल, हे सगळं रस्त्यावर पाऊल पडण्याआधी ठरलेलं असायचं.

वाण्याच्या दुकानातही त्या पिशवीची वाट बघणारी एक अख्खी व्यवस्था होती. छताला दोऱ्याचं रीळ टांगलेलं, त्याचं टोक वाण्याच्या डोळ्यांसमोर लोंबतंय. गल्ल्याशेजारी रद्दीची चवड. कागदाचा चौकोन तो तळहातावर घ्यायचा, कोन वळवायचा, जिरं ओतायचं, वरची टोकं आत दुमडायची, आणि दोरा दोन्ही बाजूंनी फिरवून एका झटक्यात तोडायचा. पुडा घट्ट, एक दाणा सांडायचा नाही. दोरा घरी येऊन पुठ्ठ्यावर गुंडाळला जायचा आणि उदबत्तीच्या पुड्यापासून पतंगापर्यंत कशालाही उपयोगी पडायचा. लोणी पानात यायचं, फुलं पानात यायची. तेल किटलीत, दही भांड्यात. त्या सगळ्याचा मला आंधळा लळा नाही. छापील रद्दीत तेलकट खाणं बांधणं प्रकृतीला चांगलं नव्हतं आणि आजही नाही. शाई अन्नाला लागते. पावसात पुडा फुटला की साखर रस्त्यावर जायची. पण एक गोष्ट पक्की होती. घरी आलेल्या सामानातलं फेकायचं असं जे काही उरायचं, ते बंबात जळायचं, गाईच्या पुढ्यात जायचं किंवा पुन्हा कामाला लागायचं.

प्लास्टिकची पिशवी आली तेव्हा तिला कुणी शत्रू म्हटलं नाही, आणि का म्हणावं? लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा तिचं मोल मला नीट कळलं. संध्याकाळची लोकल, दारातली गर्दी, स्टेशनबाहेर पडताच डोक्यात रात्रीचा स्वयंपाक. सकाळी साडेसातला घर सोडणाऱ्या बाईने दारामागच्या खिळ्याकडे कधी बघायचं? माझ्या पिढीतल्या हजारो बायकांनी नोकरी आणि चूल एकत्र ओढली ती स्टेशनबाहेरच्या भाजीवर, आणि ती भाजी हातात येत होती झबला पिशवीतून. हलकी, पाण्याला न भिणारी, फुकट. ओले बोंबील घेऊन रिक्षात बसता येऊ लागलं. म्हणून प्लास्टिक वापरणाऱ्या बाईला बेजबाबदार म्हणणारं भाषण मला ऐकवत नाही. त्या पिशवीने तिच्या दिवसातली काही मिनिटं वाचवली होती, आणि ती मिनिटं तिला दुसऱ्या कुणीही दिलेली नव्हती.

ज्याने ही पिशवी घडवली त्याच्याही मनात वाईट काही नव्हतं. पॉलिथिन हाती लागलं ते 1933 मध्ये, इंग्लंडातल्या एका रसायन कारखान्यात, वेगळ्याच प्रयोगात भांड्याच्या तळाशी उरलेल्या मेणचट पांढऱ्या पदार्थाच्या रूपात. त्याची नळी करून, तळ चिकटवून, वर दोन कान कापून एकसंध पिशवी करण्याची युक्ती स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांची. सेलोप्लास्ट या कंपनीसाठी केलेल्या या कामाचं अमेरिकेतलं पेटंट 1965 चं आहे. त्यांच्या मुलाने पुढे सांगितलेली आठवण मला फार महत्त्वाची वाटते. कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडावी लागतात, त्याऐवजी पुन्हा पुन्हा वापरता येईल असं काहीतरी द्यावं, असा वडिलांचा विचार होता. ते स्वतः अशी एक पिशवी घडी करून कायम खिशात बाळगत. म्हणजे ही वस्तू जन्मली तीही खिशात घेऊन घराबाहेर पडण्यासाठीच. ती एकदाच वापरून टाकायची, हे नंतर ठरलं, आणि ते तिच्या फुकटपणाने ठरवलं. जे काउंटरवर न मागता मिळतं ते घरून कोण नेणार?

त्या एकदाच वापरून टाकलेल्या पिशवीचं पुढे काय होतं ते बघायला मला लांब जावं लागत नाही. ठाण्याची खाडी घराच्या जवळ आहे. 2015 मध्ये तिचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. थंडीत गुलाबी थवे उतरतात तेव्हा लोक दुर्बिणी घेऊन जातात. मी ओहोटीला जाते, आणि वर न बघता खाली बघते. तिवरांच्या भोवती चिखलातून उभ्या काड्या वर आलेल्या असतात, शेकड्यांनी. ती श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून तिवर आपली मुळं वर काढून हवा घेतं. भरतीत ती बुडतात, ओहोटीत उघडी पडतात. या मुळांवर प्लास्टिकचे पापुद्रे अडकतात, पसरतात, चिखलाने लिंपले जातात. एक पिशवी निघाली तर खाली दुसरी. झाड उभं दिसतं, पण त्याचं नाक बंद होत चाललेलं असतं. याच तिवरांच्या आडोशाला कोळंबी आणि कितीतरी माशांची पिलं वाढतात. उत्तनपासून वर्सोव्यापर्यंत डोल जाळी लावणारे कोळी बांधव वर्षानुवर्षं सांगत आहेत की जाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिक येतं, आणि ते निवडून काढण्यात माणसांचे तासन्‌तास जातात. बोंबील ज्या पिशवीतून घरी आला, ती पिशवी बोंबलाच्या घरी परत जाते.

पिशवी खाडीपर्यंत पोचते याला एक साधं कारण आहे, आणि ते वजनाशी बांधलेलं आहे. पातळ झबला पिशवी पाच ग्रॅमच्या आसपास भरते. भंगार विकलं जातं किलोवर. कचरा वेचणाऱ्या बाईने अशा पिशव्या गोळा करायच्या ठरवल्या तर एका किलोला दोनशे वेळा वाकायचं, प्रत्येक पिशवीतला खरकटा चिखल झटकायचा, आणि तरीही हाती येणारा भाव बाटल्या किंवा पुठ्ठ्याच्या जवळपासही जात नाही. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या नावात कागद आहे, काच आहे, पत्रा आहे. ज्याला भाव आहे ते सगळं आहे. झबल्याला भाव नाही, म्हणून ते तिथेच राहतं, वाऱ्याने उडतं, गटाराच्या जाळीवर बसतं. कायद्याने जाडी वाढवत नेली त्यामागे हेच गणित आहे. देशात ती 30 सप्टेंबर 2021 पासून किमान 75 मायक्रॉन आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन झाली. जाड पिशवी फुकट देणं परवडत नाही, आणि वेचणारीला ती उचलावीशी वाटते.

मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या माणसाला गटाराची जाळी हा शब्द उच्चारला की 26 जुलै 2005 आठवतो. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस. त्या दिवसाचा सगळा दोष पिशवीवर टाकणं खरं होणार नाही. मिठी नदीचं पात्र आवळलेलं होतं, समुद्राला भरती होती, आणि शहराची जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली होती. पण तुंबलेल्या मोऱ्या-नाल्यांतून पुढे जे उपसून निघालं त्यात प्लास्टिकचे लगदे होते, आणि राज्याने त्यानंतर 50 मायक्रॉनची अट आणली. मोठी बंदी 2018 ची: 23 मार्चला अधिसूचना, तीन महिन्यांनी अंमल, पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 आणि तीन महिने कैद.

त्या जूनमध्ये ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात काय घडलं ते मी पाहिलं आहे. पहिले काही आठवडे लोक खरोखर पिशव्या घेऊन येत होते. कपाटांतून जुन्या पिशव्या निघाल्या होत्या. एका आजोबांच्या हातात तर एका बंद पडलेल्या कापड दुकानाचं नाव छापलेली थैली होती. बाजार कसा वेगळाच दिसत होता. मग पावसाळा सरता सरता पोत्याखालून काळ्या पिशव्या हळूच निघायला लागल्या. माझ्या नेहमीच्या भाजीवाल्या ताईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या पाटीवर जातंय. दंड झाला तर एकदा होईल. गिऱ्हाईक रोज जातंय."

त्यांचं म्हणणं मी अजून मनात वागवते. पिशव्या त्या किलोवर विकत आणतात. तो पैसा त्यांच्याच दिवसाच्या कमाईतून जातो. पकडलं तर दंडही त्यांनाच. कारखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या साखळीत सगळ्यात कमी पैसा जिच्या हातात, तिच्या डोक्यावर सगळ्यात जास्त ओझं. कारखान्यावर आणि ठोक व्यापाऱ्यावर कायद्याचा हात पडलाच पाहिजे, आणि तो घट्ट पडला पाहिजे. पण पाटीवरच्या बाईने नाही म्हणायचं आणि गिऱ्हाईकाने रिकाम्या हाताने यायचं, असा व्यवहार कुठल्याच कायद्याने टिकणार नाही. नाही म्हणण्याची ताकद गिऱ्हाईकाकडे आहे. गिऱ्हाईकाचं काही बुडत नाही.

मग कापडी पिशवी घ्यावी, हे उत्तर सोपं वाटतं. इथे मात्र मला थांबावंसं वाटतं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये निरनिराळ्या पिशव्यांचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब मांडला. नवी सुती पिशवी नुसत्या हवामानाच्या हिशेबाने साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायची तर किमान 52 वेळा वापरावी लागते. पाणी, जमीन, हवेचा वरचा थर असे सगळे परिणाम धरले तर 7,100 वेळा. रोज एकदा वापरली तरी 19 वर्षं. कापूस पाणी पितो, खत-औषध मागतो, गिरणी वीज खाते. त्या हिशेबात खाडीत आणि मातीत पडून राहिलेल्या प्लास्टिकचं नुकसान धरलेलं नाही, म्हणून तो आकडा मी प्लास्टिकच्या बाजूचा पुरावा मानत नाही. पण त्यातून एक गोष्ट लख्ख कळते. लग्नात आहेराबरोबर मिळालेली, प्रदर्शनात वाटलेली, दुकानाने नाव छापून दिलेली अशी नवी-नवी कापडी पिशवी दर महिन्याला घरात येत असेल, तर आपण एका ढिगाऐवजी दुसरा ढीग रचतो आहोत. आणि ज्या खरबरीत रंगीत पिशव्या कापडाच्या म्हणून मिळतात, त्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. उन्हात ठेवल्या की काही महिन्यांत हातात चुरा येतो, आणि तो चुरा प्लास्टिकचाच.

आईच्या पिशवीत हा प्रश्नच नव्हता. तिच्यासाठी कापसाचं एक बोंडही नव्याने वेचलं गेलं नव्हतं. पॅन्ट म्हणून तिचं आयुष्य भरून झालं होतं. पुढचं सगळं वरकड. माझ्या मते पिशवी नवी की जुनी हाच खरा प्रश्न आहे, आणि कापडी की प्लास्टिकची हा त्याच्या नंतरचा. घरात आधीच असलेली जाड प्लास्टिकची पिशवीसुद्धा फाटेपर्यंत वापरावी, धुऊन दोरीवर वाळत घालावी. ती फेकून नवी कापडी आणण्यात काही शहाणपण नाही. आणि प्रत्येक घरात दर वर्षी विरणाऱ्या चादरी, उशीचे अभ्रे, ओढण्या, शाळेचे गणवेश असतातच. बोहारणीला देऊनही उरतात.

ओढणीच्या मलमलीच्या मी लहान लहान पिशव्या शिवल्या आहेत, नाडी ओवलेल्या. मिरच्या एकीत, आलं-लसूण एकीत, मटार एकीत. पिशवी इतकी हलकी की काट्यावर ठेवली तरी भाजीवाली हसून "राहू द्या" म्हणते. बाकी भाजी पारड्यातून थेट मोठ्या पिशवीत: तळाला कांदे-बटाटे, वर दुधी, गाजर, मग वांगी, सगळ्यात शेवटी टोमॅटो आणि त्यावर आडवी पालेभाजी. घरी आल्यावर सगळं सुपात ओतायचं आणि निवडायला बसायचं. गवारीच्या शेंगांत एखादी मिरची सापडते, टोमॅटोला कोथिंबिरीची माती लागलेली असते. हे निवडणं मला कष्टाचं वाटत नाही. भाजीशी ओळख होते ती तिथेच. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून फ्रिजमध्ये गेलेली कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडून बुळबुळते, कारण तिचा घाम तिच्यातच साठतो. मलमलीच्या ओलसर फडक्यात ती हिरवी राहते.

मासळीला डबा. सुरुवातीला कोळीणमावशी त्याच्याकडे संशयाने बघायच्या. कापलेली सुरमई डब्यात भरताना तुकड्या नीट बसत नाहीत म्हणायच्या. आता त्याच म्हणतात, "डबा बरा. बर्फ टाकून देते, घरी जाईस्तोवर ताजी." शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही सांगतात. नोकरीच्या दिवसांत जी अडचण होती तिचं उत्तर पर्समध्ये मावतं. पातळ कापडाची घडी केलेली पिशवी रुमालाएवढी होते, आणि कंगवा, पास, किल्ल्या यांच्याबरोबर ती तिथेच राहते. मुलीला मी तेच दिलं. ती फोनवरून किराणा मागवते, दहा मिनिटांत दाराशी येतो. पिशवी कशाची असावी हे तिथे कुणी विचारत नाही. तिला मी एवढंच म्हटलं, आठवड्यातून एकदा तरी स्वतः जा, हात भरून आण, म्हणजे घरात किती लागतं ते हाताला कळेल.

माझ्या पिशवीने सगळं सुटत नाही, हे मला दिसतं. तेलाची पुडी, बिस्किटाचा पुडा, डाळीचं छापील पाकीट, शाम्पूची पुडी हे सगळं कापडी पिशवीत बसूनच माझ्या घरी येतं. त्यासाठी ते बनवणाऱ्यांना धरावं लागेल, आणि ती लढाई लांबची आहे. तोवर जवळचं काय करता येईल? तमिळनाडू सरकारने डिसेंबर 2021 मध्ये पिवळ्या कापडी पिशव्यांची मोहीम सुरू केली आणि चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात यंत्र लावलं. दहा रुपये टाकले की पिशवी बाहेर येते. विसरलेल्या माणसाला बाजाराच्या तोंडाशीच दुसरी संधी मिळाली.

आपल्याकडे यंत्रही नको. प्रत्येक बाजाराच्या कोपऱ्यावर फाटके कपडे अल्टर करणारा एक शिंपी मशीन घेऊन बसलेला असतो. जांभळी नाक्याजवळही आहे. मी त्यांना जुन्या चादरी नेऊन देते, ते शिवणावळ घेतात आणि पिशव्या करून देतात. उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी स्वतःच्या दुकानात टांगायलाही काही केल्या आहेत. पालिकेने अशा शिंप्यांना बाजाराच्या आत, दाराशी, सावलीची जागा द्यावी. सोसायट्यांनी विरलेलं कापड तिथे पोचवावं. तुटलेला बंद तिथल्या तिथे दहा-पाच रुपयांत शिवून मिळावा, अनामत ठेवून पिशवी नेता यावी आणि पुढच्या वेळी परत करून पैसे घेता यावेत. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी मिळून पालिकेला तसा अर्ज लिहिला आहे. शिंपीकाकांनी तो वाचला आणि दोन गोष्टी वाढवायला सांगितल्या: पावसाळ्यासाठी वर पत्रा हवा, आणि मशीन रात्री ठेवायला कुलपाची पेटी.